बाबांच्या प्रश्नाला लेखी उत्तर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "अध्यात्माकडे काही लक्ष आहे की नाही तुझं?" मी हसून विषय बदलला. असलं काही मला बोलण्यापेक्षा लिहून बरं सांगता येतं.

तुमच्या लेखी आध्यात्मिक माणूस म्हणजे पहाटे उठणारा, ग्रंथ वाचणारा, कशात न गुंतणारा. आईचं माप वेगळं. ज्याच्याशी बोलून जीव हलका होतो, तो. तोंडाने ती असं म्हणणार नाही, पण माणसं अशीच पारखते. मी आईच्या बाजूची आहे.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्या ४० जणांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. काहींना विषय दिला होता बायबलमधल्या कथेचा, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या वाटसरूचा. आणि वाटेतच एक माणूस मुद्दाम बसवलेला, खोकणारा, कण्हणारा. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी काही ना काही मदत केली. उशीर झालाय असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांतल्या फक्त १० टक्क्यांनी. भाषणाच्या विषयाने फारसा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काहीजण तर त्याला चक्क ओलांडून गेले!

ते ढोंगी होते असं मला वाटत नाही. त्यांचं मन आधीच पुढच्या इमारतीत पोचलं होतं, इतकंच.

तुम्ही म्हणाल, नुसता चांगुलपणा म्हणजे अध्यात्म का? 'मी कोण' या प्रश्नाचं काय? मान्य, चांगल्या माणसाला तो प्रश्न पडतोच असं नाही. पण घाईत सगळ्यात मोठा कोण होऊन बसतो? मीच ना! माझा उशीर, माझं भाषण. तो 'मी' जरा सरकल्याशिवाय खोकणारा दिसणार कसा? ध्यानाला बसून तो सरकत असेल तर जरूर बसावं. ध्यान आटोपून उठल्या उठल्या दारातल्या माणसावर खेकसणारेही पाहिलेत मी. (किती मिनिटं बसलो हे सांगत फिरणारे वेगळेच.)

आई, कुणी बोलायला आलं की तू हातातलं खाली ठेवतेस. मला अजून ते जमत नाही, ऐकता ऐकता माझा डोळा मोबाइलवर जातोच.

बाबा, पटलं नाही तर फोन करा, भांडू. रविवारी करा म्हणजे झालं, इतर दिवशी मी त्या नव्वद टक्क्यांतली असते.

तुमची लेक