कान्हेरीच्या पोढ्या आणि आजीच्या नावाची टाकी

कल्याण,
दि. १७ जानेवारी

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

संक्रांतीचा डबा पोहोचला. तिळाच्या वड्या आम्ही संपवल्या, शेंगांच्या पोळ्यांपैकी चार मात्र कान्हेरीच्या लेण्यांतल्या एका माकडाने नेल्या. त्या कशा गेल्या ते सांगायचे आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे आजीच्या नावाने गावच्या शाळेत बांधायच्या पाण्याच्या टाकीविषयी बाबांशी सविस्तर बोलायचे आहे, म्हणून फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर बाबांना निम्मे ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला आई मध्येच उत्तर देऊन मोकळी होते.

गेल्या रविवारी आम्ही दोघे चिनूला घेऊन पहाटेच्या लोकलने निघालो आणि दादरला गाडी बदलून बोरिवलीला उतरलो. राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, पण उद्यानाची गाडी पायथ्यापर्यंत सोडते. बाबांनी गुडघ्यांचे कारण पुढे करून दोनदा बेत मोडला, म्हणून मुद्दाम नोंदवते की पुढच्या पायऱ्या खडकात कोरलेल्या, बेताच्या उंचीच्या आहेत आणि पहिली मोठी लेणी तर आरंभीच लागतात. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने येथे वाट दान दिली, असा एक शिलालेखच आहे. आमच्या गावच्या माणसाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी केलेली ही सोय बाबांनी वापरायला हरकत नसावी!

बाहेरून पाहणाऱ्याला ही ‘लेणी’ वाटतात, पण खरे तर तो एक नांदता मठ होता. कृष्णगिरी किंवा ‘कण्हगिरी’ या नावावरून कान्हेरी झाले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास आरंभ होऊन दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत या डोंगरात शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. भिक्षूंनी एरवी गावोगाव हिंडावे आणि पावसाळ्यात मात्र एका जागी मुक्काम करावा, या वर्षावासाच्या नियमातून असे विहार उभे राहिले. पुढे येथे बारमाही वस्ती झाली. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, कार्ल्याच्या धर्तीचे आहे आणि त्याच्या ओवरीत दोन बाजूंना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत. सगळी गर्दी तेथेच छायाचित्रे काढीत असते. आम्हीही काढली, सोबत पाठवली आहेत.

मला बाबांची आठवण झाली ती मात्र त्यापुढे, जेथे गर्दी विरळ होते. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या अंगणात, दाराच्या एका बाजूला, खडकाच्या पोटात खोदलेले पाण्याचे टाके आहे. त्याला शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे, आणि गडकोट हिंडणारी मंडळी आजही तोच शब्द वापरतात. एका पोढीजवळ मी गुडघे टेकून बसले. चौकोनी तोंड जेमतेम हातभर रुंद होते आणि कडेला झाकण नेमके बसावे अशी बोटभर खाच होती. आत वाकल्यावर अंधारात गार हवा लागली. चिनूने खडा टाकला तेव्हा आवाज किंचित उशिरा आला, म्हणजे पावसाळा सरून तीन महिने झाले तरी तळाशी पाणी होते. माथ्यावर, लेण्याच्या छताच्या खडकात, बोटाएवढ्या रुंदीचे पन्हळ कोरले आहेत. कपाळपट्टीवरून ओघळणारे पाणी दारात न पडता त्यांतून वळून थेट पोढीत उतरावे, अशी ती योजना आहे. अंगणातल्या खळग्यांत खांब रोवून पुढे मांडव घालीत असत, त्या खळग्यांतूनही पाणी साचू नये म्हणून चरी काढल्या आहेत. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाने हा उतार पाहिला असता तर खिशातून पट्टी काढून मोजलाच असता.

याच डोंगररांगेतील पाणी अडवून इंग्रजांनी १८६० साली विहार तलाव आणि १८७९ साली तुळशी तलाव पुरा केला व मुंबईला नळाचे पाणी दिले, हे बाबांना ठाऊक असेल. मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही त्या लोकांनी घर खोदताना आधी टाके खोदले. आपल्या सांगोल्याकडे कसाबसा पाचशे पडतो आणि आपण टँकरची वाट पाहतो. अर्थात हा टोमणा बाबांना नाही. बाबांनी हेच आयुष्यभर सांगितले आणि कोणी ऐकले नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

अकराव्या लेण्याला ‘दरबार’ म्हणतात. लांबच लांब दालनात समोरासमोर दोन बुटके दगडी ओटे शेवटपर्यंत गेले आहेत. वेरूळच्या पाचव्या लेण्यातही असेच आहेत. ते पाठांतरासाठी की भोजनासाठी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. आईला मात्र दारातूनच ही पंगत आहे हे कळले असते आणि तिने वाढप कोणत्या बाजूने करावे हेही ठरवून टाकले असते. आम्ही बाहेरच्या पायरीवर पंगतच मांडली आणि तेथेच घात झाला. चिनू काकडीवाल्या बाईंकडे धावला, मी त्याच्यामागे, आणि तेवढ्यात एक लठ्ठ माकड शांतपणे येऊन शेंगांच्या पोळ्यांची पुडी उचलून कड्यावर जाऊन बसले. त्याने पोळी उलगडून आधी आतले सारण खाल्ले आणि मग कडा. चिनू अगदी तसेच खातो.

आता टाकीचा विषय. घरी आल्यावर मी तेथील शिलालेखांची भाषांतरे काढून वाचली. दाते बहुतेक साधे व्यवहारी लोक होते आणि आपापले गाव सांगत होते: कोणी सोपाऱ्याचा, कोणी चौलचा, आणि पुष्कळसे कल्याणचे. स्वामिदत्त नावाच्या कल्याणच्या सोनाराने पाण्याची पोढी दिली. त्यांतल्या अपरेणु नावाच्या कल्याणकराचा लेख मी तीनदा वाचला. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या राज्याच्या १६व्या वर्षी त्याने लेणे दिले, आणि एवढ्यावर न थांबता २०० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ‘अक्षयनीवी’ भिक्षूंच्या संघाकडे ठेवली. मूळ रकमेला हात लावायचा नाही, वापरायचे ते केवळ तिचे उत्पन्न, अशी ही ठेव. शिवाय मंगलस्थान गावातील एक शेत लावून दिले, आणि त्या शेताच्या उत्पन्नातून तेथे राहणाऱ्या भिक्षूला चीवरासाठी (अंगावरच्या वस्त्रासाठी) व पावसाळ्यातील महिन्यांसाठी काय द्यायचे तेही लिहून ठेवले. मंगलस्थान म्हणजे आजचे बोरिवलीचे मागाठाणे. आता तेथे मेट्रोचे स्थानक आहे.

बाबा, तुम्ही आजीच्या नावाने बाजूला काढलेले दीड लाख सगळेच्या सगळे टाकी, नळ आणि संगमरवरी पाटीत घालणार आहात, असे आई म्हणाली. माझे मत विचारलेले नाही, तरी लिहिते. आपल्याच गावात एकांनी हौसेने दिलेले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दोन वर्षांत बंद पडले, कारण दोन-अडीच हजारांची दुरुस्ती कोणी करायची हे कोणीच ठरवले नव्हते; त्या यंत्रावर आता सायकली टेकवतात. तेव्हा टाकीला एक लाख पुरेल असे गवंड्याशी बोलून ठरवावे. उरलेल्या पन्नास हजारांत माझे पन्नास घालून एक लाखाची मुदत ठेव शाळेच्या नावाने करावी. वर्षाचे सहा-सात हजार व्याज येईल, त्यात दोनदा टाकी धुणे, तोट्या बदलणे आणि पाणी तपासून घेणे भागेल. व्याजाचे दर उतरतात आणि महागाई चढते, हा तुमचा आक्षेप मला आधीच ऐकू येतो आहे. अपरेणूनेही बहुधा त्याच धास्तीने रोकड आणि शेत अशी दोन्हींची सोय केली असावी. आपल्या बांधावरच्या चार चिंचांचा दरसालचा लिलाव याच कामाला लावता येईल का, याचा विचार करा. त्या चिंचा आजीनेच लावल्या होत्या.

पाटीसाठी निराळा खर्च नको. टाकीच्या कट्ट्यावरच दगडात आजीचे नाव, साल आणि ठेव कोणाकडे आहे एवढे कोरून घ्यावे, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी कोणाला विचारायचे हे पोरांनाही कळेल. मजकूर मी लिहून पाठवते. शुद्धलेखन आईने तपासावे.

गवंड्याचा अंदाज आला की मला आकडा कळवा. आणि फेब्रुवारी संपण्याआधी, उन्हे तापण्यापूर्वी, आठ दिवस इकडे या. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवारचा बेत धरू. त्या दिवशी गर्दीही कमी असेल. आईने शेंगांच्या पोळ्या आणाव्यात, पण या वेळी घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि बाबांनी पट्टी आणावी, त्या पन्हळांचा उतार मला खरोखरच जाणून घ्यायचा आहे.

चिनूचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
सुधा