सुध्या, मला एकदाच ऐकू आलं

प्रिय सुध्या,

आठ महिने झाले, ना फोन ना मेसेज, तुझ्या वाढदिवसालाही नुसता केकचा फोटो टाकून मोकळा झालो, तेव्हा ज्या शिव्या द्यायच्यात त्या दे पण आधी हे वाच. तब्येत ठीक, मेडिकल झालं, आईचे गुडघे आहेत तसेच. फोनच करणार होतो, पण बोलायला लागलो की मी स्वतःचीच बाजू मांडत बसेन, म्हणून टाइप करतोय.

मागच्या मंगळवारी रात्री माझ्या हातून अनस्टेबल अप्रोच झाला, म्हणजे वेग, उंची काहीच बसलेलं नसताना विमान उतरवायला गेलो. गाव सांगत नाही. चाळीस मिनिटं लेट होतो, एटीसीच्या कंट्रोलरने शॉर्टकट हवाय का विचारलं, मीच हो म्हटलं. अंतर कमी झालं, उंची तेवढीच, त्यात शेपटीकडून वारा. ७३७ चं तुला माहितीये, एक तर खाली येईल नाही तर स्लो होईल, दोन्ही एकदम मागितलं की ऐकत नाही. स्पीडब्रेक ओढले, गिअर म्हणजे चाकं लवकर टाकली, वाटलं जमेल, नेहमी जमतं. हजार फुटांवर स्पीड वीस नॉट जास्त, खाली यायचा वेग मिनिटाला चौदाशे फूट, लँडिंग फ्लॅप अजून यायचेच होते. तिथेच सोडायला पाहिजे होतं रे. तिथे विचार करत बसायचं नसतं, म्हणून तर हजार फुटांचा नियम केलाय. मी पुढे गेलो. पाचशेच्या जवळ कोपायलट ओरडली, "गो-अराउंड!" म्हणजे उतरणं सोड, परत वर चल. मग हात आपोआप चालले, टोगा म्हणजे इंजिनांना पूर्ण जोर, फ्लॅप पंधरा, गिअर अप, आणि दुसऱ्या अप्रोचला नीट उतरलो. उतरताना एक आजोबा थांबून म्हणाले, कॅप्टन, घाई केली नाहीत ते बरं केलंत. मला त्यांच्याकडे बघवेना.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. क्रूच्या गाडीत मी तिला म्हटलं, थँक्यू, वेळेवर बोललीस. तर म्हणते, सर, मी तीनदा बोलले. हजारला अनस्टेबल म्हणाले, तुम्ही 'करेक्टिंग' म्हणालात. मग 'सर, गो-अराउंड' म्हणाले, तुम्ही काहीच बोलला नाहीत. मग ओरडले.

सुध्या, मला एकदाच ऐकू आलं. ते 'करेक्टिंग' म्हणजे मी उत्तर दिलं म्हणे, तेही आठवत नाही. शेवटच्या वेळी तिने 'सर' लावलं नाही, तेवढंच आत पोचलं बहुतेक.

आता तुला बारामतीच्या फ्लाइंग स्कूलची मेस आठवली असणार. नोव्हेंबर २०१०, मंगळूरच्या विमान अपघाताच्या चौकशीच्या बातम्या आल्या तो दिवस. टेकडीवरची, आठ हजार फुटांची टेबलटॉप धावपट्टी, चाकं टेकली ५२०० फूट पुढे, १५८ माणसं गेली, आणि कोपायलटने तीनदा गो-अराउंड म्हटलेलं. मी काय बोललो होतो ते मला शब्दाशब्दाने आठवतंय. तीनदा सांगून जो ऐकत नाही तो माजलेला असतो, आणि त्या कोपायलटने सरळ कंट्रोल घ्यायला हवे होते. तू म्हणालास, त्याला ऐकू आलं होतं कशावरून? मी हसलो, तू ताट ढकलून उठलास, आणि नऊ दिवस आपण शिंद्याच्या मार्फत बोलत होतो. शिंद्या बिचारा मीठ हवंय का हेसुद्धा इकडून तिकडे पोचवायचा.

मंगळूरचा तो कॅप्टन तर झोपेतून उठलेला होता रे. कॉकपिटच्या रेकॉर्डरवरच्या दोन तास पाच मिनिटांतला पहिला एक तास चाळीस मिनिटं झोपेत. मी टक्क जागा होतो. जेवण झालेलं, कॉफी झालेली.

आणि साठे सर. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडच्या अपघातात ते गेले, त्या रात्री तुझा दोन वाजता फोन आला होता, दोघंही काही बोललो नव्हतो. एअर फोर्स अकादमीचा सोर्ड ऑफ ऑनर मिळवलेला माणूस, त्या पावसात पहिला अप्रोच सोडून वर गेलेलाच होता. दुसऱ्या वेळी उलट्या बाजूने आले, शेपटीकडून वारा, वायपर धड चालेना, आणि साधारण अर्धी धावपट्टी मागे पडल्यावर विमान टेकलं. तिथेही शेजारून गो-अराउंड म्हटलं गेलं होतं. रिपोर्ट आला तेव्हा तुला म्हटलं होतं, ज्याने पंधरा मिनिटांपूर्वी तेच केलं तो दुसऱ्यांदा का नाही करणार? आता कळतंय की एकदा उतरायचं डोक्यात बसलं की बाकीचं सगळं मागे सरकतं, आवाजसुद्धा. तू वर्गात फळ्यावर लिहितोस ना, शंभर अनस्टेबल अप्रोचमधले ९७ तसेच उतरवले जातात. मला वाटायचं ते ९७ म्हणजे बेफिकीर लोक.

रिपोर्ट मी त्याच रात्री टाकलाय, डेटा ते काढतीलच, सिम्युलेटरला बोलावतील, त्याची काळजी नाही. सिममध्ये मी अजूनही तुझ्यापेक्षा बराच. (सेसनाच्या तुझ्या त्या तीन उड्या, आणि देशपांडे सर विचारत होते, यातलं कुठलं लँडिंग लॉगबुकात लिहू?)

काळजी त्या पोरीची आहे. लातूरची आहे, सहा महिने झालेत प्रवासी फ्लाइट करायला लागून. तिला वाटतंय मी ऐकून दुर्लक्ष केलं. मला ऐकूच आलं नाही असं सांगितलं तर ती सबब वाटेल, आणि नाही सांगितलं तर ती हेच शिकेल की कॅप्टन ऐकून न ऐकल्यासारखं करतात. पुढच्या वेळी शेजारी दुसरा कोणी असेल आणि दोनदा बोलून ती गप्प बसली तर? मला रात्री तेच दिसतं, पाचशे फूट आणि तिचं तोंड बंद.

क्लासला यंदा पोरं किती? वहिनींची बदली झाली का थांबली? चिनूची दहावी ना यंदा, त्याला म्हणावं काका गणिताला येईल, खरंच येईन. मेडिकलमध्ये अनफिट ठरून तुझं उडणं थांबलं त्या वर्षी मी यायला हवं होतं तेही राहिलंच, त्यावर समोर बसून बोलू.

तुलाच विचारतोय कारण तेव्हा तू बरोबर होतास आणि मी हसलो होतो. शनिवारी तिच्याबरोबर परत फ्लाइट आहे, साडेपाचचा रिपोर्टिंग. तिला काय सांगू आणि कुठल्या शब्दांत सांगू, ते शुक्रवार रात्रीपर्यंत कळव. कितीही वाजता फोन कर, उचलतो.

तुझा,
नंद्या