मंत्रिमहोदय, आमची नळी तडकली आहे

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

परवा आमच्या प्रकल्पाच्या सरकारी अनुदानाच्या दुसऱ्या हप्त्याबद्दल उत्तर आलं: 'विचाराधीन'. अकरा महिन्यांत पदरात पडलेला हा एकमेव शब्द. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर हप्ता कायमचा बुडायचा.

मी वडोदऱ्यात इथेनॉलपासून हायड्रोजन काढणाऱ्या स्वस्त कॅटॅलिस्टवर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थावर, काम करतो. रोडियम या महागड्या धातूने हे काम झकास होतं, पण परवडणार कुणाला? म्हणून निकेल, तुमच्या स्टीलच्या पेल्यात असतं तेच. 46 ग्रॅम इथेनॉल आणि 54 ग्रॅम पाणी, दोन्हींची वाफ पाचसहाशे अंशांवर त्यावरून गेली की 12 ग्रॅम हायड्रोजन. कागदावर! प्रत्यक्षात निकेलवर काजळी धरते. निकेलखाली आधाराला अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) असेल तर फारच, कारण त्याच्या आम्लपणामुळे इथेनॉलचा आधी इथिलीन वायू होतो आणि त्याची काजळी. सीरियम ऑक्साइड घातलं की ते स्वतःजवळचा ऑक्सिजन देऊन ती जाळत राहतं. किती वेळ जाळतं, हेच तर बघायचंय. बासष्टाव्या तासाला, पहाटे तीनला, निकेल भरलेली क्वार्ट्झची नळी काजळीने तुंबून तडकली. मी तिथेच स्टुलावर डुलक्या घेत होतो. आधीची नळी पदरच्या पैशांनी आणली होती. आता पदरही फाटलाय. चौतिसाव्या वर्षी दांडिया बाजारात आईच्या पेन्शनवर जेवतो, साहेब. ती काही बोलत नाही, फक्त पोळी वाढताना 'आलं का रे काही?' एवढंच विचारते.

बरं, इथेनॉल तरी सुखाने मिळावं? गुजरातेत दारूबंदी! बाटलीभर इथेनॉलला परवाना, नोंदवही, थेंबाथेंबाचा हिशेब. खिडकीवरचा माणूस डोळा मारून म्हणतो, 'सगळं प्रयोगालाच ना?' गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तीय वसाहतीत मात्र डिसेंबर 2023 पासून जेवणाबरोबर पेला भरायला सरकारचीच मुभा.

आणि तुमचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन! जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी मंजूर, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचा वायदा. त्यात संशोधनाला 400 कोटी. शंभरातले दोन रुपये! तेही ठरावीक दारांवरच थांबत असणार, आमच्या गल्लीत तरी फिरकलेले नाहीत. जाहिरातींना मात्र कधी 'विचाराधीन' ऐकावं लागत नाही.

याच गावच्या सयाजीरावांनी 1913 मध्ये आंबेडकरांना न्यूयॉर्कला शिकायला दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले होते. तेव्हा आगबोटी होत्या. आता बटण दाबलं की पैसे पोचतात म्हणे. मग दाबा ना!

हप्ता सोडा आणि प्रयोगशाळेच्या इथेनॉलचा परवाना वर्षातून एकदाच द्या. भट्टी गार पडलीय. निकेल भरून ठेवलंय.

आपला,
एक संशोधक,
दांडिया बाजार, वडोदरा