नानांच्या तळहातावर रबराची रिंग ठेवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही आमच्या शेतावर येऊन गेलात त्याला आता सव्वा महिना होईल. त्या संध्याकाळी फाटकापाशी मला तुमच्याशी धड बोलता आले नाही. माझा गळा भरून आला होता आणि तुम्हाला अंधार पडायच्या आत मोटरसायकलवरून इंदूर गाठायचे होते. राहून गेलेले ते बोलणे आज लिहिते आहे. पत्रात नाव घालू नका, असे तुम्ही फोनवर बजावलेत, म्हणून नाव लिहीत नाही. पण नवलख्यापासून सिमरोलपर्यंत ज्यांच्या ट्रॅक्टरला तुमचा हात लागला आहे, त्यांना हे पत्र कोणाला लिहिले आहे ते ओळखायला वेळ लागणार नाही.

आमचा ट्रॅक्टर लहान, २२ अश्वशक्तीचा. पेरूच्या दोन ओळींमधून सहज निघावा आणि लसणाचे वाफे न तुडवता फिरावा, म्हणून माझ्या वडिलांनी, नानांनी, तो मुद्दाम अरुंद बांध्याचा निवडला होता. नाना आज ऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली असून दोन वर्षांपासून त्यांना उजेड आणि अंधार यांपलीकडे काही कळत नाही. पण नर्मदाकाठी बुदनीला केंद्र सरकारचे जे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले, तेथे १९७४ साली राहून ते यंत्र शिकून आले होते, आणि त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे घरच्या ट्रॅक्टरचे तेल आणि फिल्टर त्यांनी दुसऱ्या कोणाला बदलू दिले नाही. डोळे गेल्यावर ते काम बाहेर गेले. मी शाळेत शिकवते. शनिवार-रविवारी रामबागेतून शेतावर येते. मला त्यातले काही येत नव्हते.

पावसाळा सरताना, सप्टेंबरात, एका कार्यशाळेत आम्ही हायड्रॉलिकचा फिल्टर बदलून घेतला. त्या कार्यशाळेचे नाव मी येथे घेणार नाही. ट्रॅक्टर घरी आला त्याच आठवड्यात त्याची लिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबावर मागची अवजारे उचलणारी यंत्रणा, कण्हू लागली. सकाळच्या गारव्यात इंजिन सुरू केले की घूं घूं असा एकसुरी आवाज यायचा, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर थरथरत वर जायचा, अर्ध्यावर थांबायचा आणि पुन्हा खाली बसायचा. तेल दुधासारखे पांढरट झाले होते. आम्ही पुन्हा त्याच कार्यशाळेत गेलो. पहिल्या खेपेस त्यांनी तेल खराब झाल्याचे सांगून सगळे तेल नव्याने भरायला लावले. लहान ट्रॅक्टरमध्ये गिअरचे, मागच्या धुऱ्याचे आणि लिफ्टचे तेल एकच असल्यामुळे तो खर्च थोडाथोडका नव्हता. दुसऱ्या खेपेस पावसाचे पाणी शिरून पंप गेल्याचे ठरले आणि नव्या पंपाचे १८,००० रुपये सांगण्यात आले. पंप उघडून कोणी पाहिला नव्हता.

पैशांचे दुःख मी विसरेन. त्या दिवशी नाना खुर्चीवरून शांतपणे एवढेच म्हणाले होते की, आवाज फिल्टर बदलल्यानंतर सुरू झाला आहे, तेव्हा आधी फिल्टर बघा. त्यावर तेथील मुख्य माणसाने त्यांच्याकडे न बघता मला सांगितले, ‘‘ताई, बाबांना जरा सावलीत बसवा, ऊन फार आहे.’’ ऊन नव्हते, मिस्त्रीकाका. नाना परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत, आणि घरी आल्यावर त्यांनी आपली ट्रॅक्टरची नोंदवही माझ्या हवाली केली, आता ही तुझ्याकडेच ठेव म्हणून. चाळीस वर्षांच्या नोंदी असलेली ती वही हातात घेताना मला जे वाटले ते मी कोणालाही सांगितलेले नाही. तुम्हाला सांगते आहे.

तोवर सोयाबीन निघाले होते, दिवाळी झाली होती आणि लसणाचे रान तयार व्हायचे होते. माळव्याची काळी माती तुम्हाला मी काय सांगू? वाफसा आहे तोवर ती लोण्यासारखी फुटते, आणि चार दिवस हुकले की तिची ढेकळे होतात, मग रोटाव्हेटरही त्यावर नाचत राहतो. शेजारच्या शेतातले वाफे तयार होत होते आणि आमचा ट्रॅक्टर चिंचेखाली उभा होता. चोइथराम मंडीत लसणाची पोती पोहोचवायला येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी तुमचा फोन नंबर दिला, आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी आलात.

तुम्ही आलात आणि ट्रॅक्टरकडे वळण्याआधी ओट्यावर नानांच्या शेजारी जाऊन बसलात. चपला काढून बसलात, हेही मी पाहिले. ‘‘नानासाहेब, आवाज पहिल्यांदा केव्हा ऐकलात? थंड इंजिनला जास्त येतो की गरम झाल्यावर? लिफ्ट वर जाताना थरथरते की वर गेल्यावर?’’ असे तुम्ही एकामागून एक विचारत गेलात, आणि नाना जसजशी उत्तरे देत गेले तसतशी त्यांची पाठ ताठ होत गेली. ते सांगत होते की, गारव्यात तेल घट्ट असते, पंपाला ते ओढायला जड जाते, म्हणून सकाळी आवाज अधिक येतो. तुम्ही मध्ये एकदाही त्यांना तोडले नाहीत. वीस मिनिटे तरी ते बोलणे चालले असेल, आणि ऋतू माझ्या डोळ्यांसमोर हातातून निसटत असताना मला ती वीस मिनिटे जड वाटली नाहीत.

मग तुम्ही लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी मागितलीत, तिच्यात ते दुधट तेल घेतलेत आणि बरणी ओट्याच्या कडेला ठेवून दिलीत. तासाभराने बरणीचा तळ स्वच्छ झाला आणि फेस वर वर सरकत नाहीसा होऊ लागला. पाणी असते तर तेल असे इतक्या लवकर निवळले नसते, ही हवा आहे, असे तुम्ही म्हणालात. ज्या १८,००० रुपयांच्या पंपाचे आम्हाला इतके दिवस ओझे होते, त्याचा निकाल घरातल्या एका बरणीने लागला. त्यानंतर तुम्ही फिल्टरच्या मानेभोवती चिकटलेला धुळीचा ओलसर पट्टा दाखवलात. एरवी थेंबही गळत नव्हता, म्हणून तिकडे आमचे लक्षच गेले नव्हते. पंप तेल ओढतो त्या बाजूला फट असली तर इंजिन चालू असताना तेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

फिल्टर निघाला. त्याच्या तोंडाशी नवी रिंग होती आणि ज्या बैठकीवर तो बसतो तिथे जुन्या फिल्टरची रिंग तशीच चिकटून राहिलेली होती. एकीवर एक अशा दोन रिंगा, म्हणून फट नीट बंदच होत नव्हती! जुना फिल्टर काढल्यावर त्याची रिंग त्याच्याबरोबर निघाली की नाही, एवढे बोट फिरवून पाहायचे असते. तेवढे बोट त्या कार्यशाळेत कोणी फिरवले नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले तिच्याकडे येते. दोष सापडला तेव्हा तुम्ही मला हाक मारली असती, ‘‘ताई, हे बघा’’ म्हणाला असतात, तर त्यात वावगे काहीच नव्हते. पैसे मी देणार होते आणि डोळेही मलाच होते. पण तुम्ही त्या दोन्ही रिंगा रॉकेलच्या फडक्याने पुसल्यात, मग कोरड्या फडक्याने पुसल्यात, आपले हात धोतराच्या सोग्याला लावून कोरडे केलेत आणि ओट्यावर येऊन नानांचा उजवा हात आपल्या हातात घेतलात. त्यांच्या तळहातावर आधी एक रिंग ठेवलीत, नंतर दुसरी. काही सांगितले नाहीत. नाना अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एकेक रिंग धरून सावकाश फिरवत राहिले. एक मऊ होती, पण एका बाजूला दबून तिची कड बाहेर आली होती. दुसरी चपटी, ताठर झालेली, मध्ये एके ठिकाणी चिरलेली. ‘‘ही जुनी,’’ नाना म्हणाले, ‘‘हिच्यावर ही बसवली होती.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘नानासाहेब, तुम्ही आधीच सांगितलं होतंत, फिल्टर बघा म्हणून.’’

तुम्हाला हे कोणी सांगितले? मीच फोनवर सांगितले असणार. पण ते लक्षात ठेवून, नेमक्या त्या क्षणी त्यांचे त्यांना परत द्यावे, हे मला सुचले नसते. मी त्यांची मुलगी आहे, काका, आणि गेली दोन वर्षे मीही त्यांना सावलीतच बसवत आले होते.

पुढे तुम्ही नवा फिल्टर त्यांच्या मांडीवर ठेवलात. रिंगेवर तेलाचे बोट त्यांनीच फिरवले. हाताला धरून तुम्ही त्यांना ट्रॅक्टरपाशी नेलेत, आणि रिंग बैठकीला टेकल्यावर आणखी पाऊण फेरा, तोही हाताने, पाना न लावता, त्यांनी स्वतः आवळला. तुम्ही फक्त फिल्टरखाली तळवा धरून उभे होतात. नंतर एकदा पडताळून पाहिलेत की नाही, हे मला दिसले नाही. पाहिले असेल तर ते नानांना कळणार नाही अशा बेताने पाहिले असेल. इंजिन सुरू झाले. चार-सहा वेळा रिकामी लिफ्ट वरखाली करताना आवाज कमी होत गेला आणि मग उरलाच नाही. रोटाव्हेटर जोडला. तो एका दमात वर गेला आणि वरच राहिला. नानांचा हात मडगार्डवर होता. थरथर थांबल्याचे त्यांना आमच्या आधी कळले असावे, कारण त्यांच्या चेहऱ्यावर हसू आमच्या आधी आले.

तुम्ही फिल्टरची किंमत आणि ३०० रुपये मजुरी घेतलीत. मी जास्त देऊ केले ते घेतले नाहीत आणि ठरलेले सोडलेही नाहीत. मला हे फार आवडले. कामाचे दाम कामाइतके, असा तो व्यवहार होता, आणि त्यामुळे तुमचे उपकार मनावर दडपण होऊन बसले नाहीत.

ज्यांनी आमच्याकडून तेलाचे पैसे घेतले, त्यांच्याकडे यंत्रे तुमच्यापेक्षा अधिक आहेत. तुमच्या मोटरसायकलला बांधलेल्या एका पिशवीत तुमचे सगळे सामान होते. चूक त्यांच्याकडून झाली, ती मी समजू शकते. घाईत रिंग राहू शकते. पण स्वतःची चूक शोधण्याऐवजी त्यांनी आमच्या पंपाला दोष दिला आणि खरे बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गप्प केले, ते मी समजू शकत नाही. शेतकऱ्याला यंत्राच्या आतले दिसत नाही. त्याला मिस्त्रीच्या शब्दावर विसंबावे लागते, जसे रोग्याला वैद्याच्या शब्दावर. आतले पाहून, जे आहे तेच सांगणारा माणूस भेटला की माझ्यासारखीला किती धीर येतो, हे तुमच्यासारख्यांना कदाचित कोणी सांगत नसेल. तुमचा दिवस कामात जातो आणि आम्ही काम झाले की निघून जातो. तुमच्या पाठीमागे आमच्या घरात त्या दिवशी किती वेळ तुमचे नाव निघत होते, ते तुम्हाला कळावे असे मला मनापासून वाटते.

आमचे वाफे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झाले. लसूण लावून झाला आणि आता तो वीतभर वर आला आहे. नोंदवही मी नानांना परत केली. ते सांगतात आणि मी लिहिते. त्या दिवशीच्या नोंदीत त्यांनी तास, तारीख आणि तेलाचे माप सांगून झाल्यावर तुमचे नाव लिहायला लावले. तेवढे एक नाव तुमच्या सूचनेविरुद्ध लिहिलेले आहे, क्षमा असावी. जुनी चिरलेली रिंग त्यांनी फेकू दिली नाही. ओट्यावरच्या खुंटीला ती अडकवलेली आहे आणि येताजाता त्यांचा हात तिच्याकडे जातो.

होळीच्या सुमारास लसूण निघेल. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीला, आम्ही सारे रामबागेतल्या घरी असतो, तेव्हा काकूंना घेऊन जेवायला अवश्य यावे. पुढचा फिल्टर बदलायचा होईल तेव्हाही तुम्हालाच बोलावणार आहोत, पण नानांनी आत्ताच सांगून ठेवले आहे की, जुना फिल्टर निघाल्यावर बैठकीवरून बोट ते स्वतः फिरवणार आहेत.

आपली नम्र,
नानांची मुलगी
रामबाग, इंदूर