कायद्यात आम्ही फक्त कलम 24 मध्ये

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य

विषय: अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांची नोंदणी, प्रशिक्षण आणि सुट्टी

महोदय,

दर हिवाळी अधिवेशनात नागपुरात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले जातात. तिथे मी अंगणवाडी सेविका पाहिल्या, आशाताई पाहिल्या, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक पाहिले. म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांचा मोर्चा कधी पाहिला नाही आणि तो निघेल असं वाटतही नाही. पाळी सोडून टी-पॉइंटवर येऊन बसायचं तर इकडे खाटेवरच्या माणसाची कूस कोण बदलणार? म्हणून हे पत्र.

मी आधी स्टाफ नर्स होते. आता मानेवाड्याकडे भाड्याच्या घरात 14 खाटांचं केंद्र चालवते. लकवा मारलेले, खुब्याचं हाड मोडलेले, डिमेन्शियात लेकीलाही न ओळखणारे असे लोक माझ्याकडे असतात. हॉस्पिटलनं 'आता घरी न्या' म्हटलेलं असतं, आणि घरी करणारं कुणी नसतं. मुलं पुण्याला, बंगलोरला, नाहीतर अमेरिकेत. मी पैसे घेते. हा धंदा आहे आणि त्याला समाजसेवेचं नाव देऊन मी मिरवत नाही. पण तो चालतो नऊ बायकांच्या हातांवर, आणि पत्र त्यांच्याबद्दल आहे.

ज्येष्ठांसाठी आपल्याकडे 2007 चा केंद्राचा कायदा आहे, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम. एकदा रात्रपाळीत मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला. मुलांनी पोटगी द्यावी, तिची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये. जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा, तो किमान 150 निराधारांसाठी असावा. आणि तेही शासन 'स्थापन करू शकेल' अशा भाषेत. सरकारी हॉस्पिटलात ज्येष्ठांची रांग वेगळी असावी. सगळं बरोबर आहे. मग मी शोधू लागले की प्रत्यक्ष सेवा करणारा माणूस यात कुठे सापडतो. सापडला तो कलम 24 मध्ये. ज्याच्याकडे ज्येष्ठाची देखभाल आहे, त्याने त्याला कायमचं टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा असायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण टाकून दिल्यावर ओळखणारा कायदा न टाकणाऱ्याला कुठेच ओळखत नाही, हे मला खटकलं.

2019 च्या डिसेंबरात लोकसभेत या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं होतं. त्यात घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी होती, अटेंडंटला प्रशिक्षण आणि त्याची पोलिस पडताळणी होती. ती लोकसभा संपली आणि विधेयकही संपलं. आपल्या राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 65 वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच 3,000 रुपये टाकते. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा घ्या म्हणून. कमोड खुर्चीवर उचलून बसवणारीचा विचार त्यात नाही. कमरेचा पट्टा तर आधी तिलाच लागतो.

प्रशिक्षण नसलं की काय होतं ते माझ्याच उदाहरणावरून सांगते. केंद्र सुरू केलं त्या वर्षी एका काकाजींना माकडहाडावर जखम झाली. आम्ही रबरी रिंग ठेवत होतो, लाल झालेल्या जागेवर स्पिरिट आणि पावडर लावून चोळत होतो. मला शिकताना तसंच शिकवलं होतं. रिंगच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा तोडतो आणि लाल झालेली जागा चोळली की आतलं मांस आणखी दुखावतं, हे मला फार उशिरा कळलं. जखम हाडापर्यंत गेली होती. मी शिकलेली नर्स असून हे झालं. घरोघरी सेवेला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून येणारी बाई चौथी-सातवी शिकलेली असते, तिला कोण सांगणार? दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, उचलताना कमरेऐवजी गुडघ्यात वाकायचं. यातलं काहीही तिला कुणी शिकवलेलं नसतं. हॉस्पिटलातून सुट्टी देताना नातेवाइकाला पंधरा मिनिटांत नळी दाखवतात, ती तेवढ्यावर शिकते. उरलेलं पेशंटच्या अंगावर.

आणि तरी ती शिकते. माझ्याकडच्या एक मावशी लघवीच्या नुसत्या वासावरून इन्फेक्शन ओळखतात. तपासणीचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येतो. संध्याकाळी डिमेन्शियाच्या आजी 'मला घरी जायचं' म्हणून दार ठोठावू लागल्या की मावशी 'हेच घर आहे' असं समजावत बसत नाहीत. 'चला' म्हणतात, हात धरून गच्चीपर्यंत फिरवून आणतात, वाटेत भाजीचे भाव विचारतात. आजी विसरतात. हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकायला मिळालं तर मी फी भरायला तयार आहे.

घरोघरी कामाला जाणाऱ्यांचं अजून वेगळं. पूर्वी माझ्याकडे असलेली एक ताई आता एका फ्लॅटमध्ये चोवीस तासांची आहे. खोलीत कॅमेरा, तो परदेशातून मुलगा पाहतो. दुपारी दोनला त्याचा फोन: आई झोपली आहे आणि तुम्ही मोबाइल का बघताय? ती कूस बदलायचा गजर लावत होती. कॅमेऱ्यावर माझा राग नाही, मुलाची काळजी मला समजते. पण त्या खोलीत तिला कपडे बदलायला कोपरा नाही आणि महिन्यात दोन सुट्ट्या मागितल्या तर ब्युरो म्हणतो, दुसरी बाई पाठवतो. ब्युरोच्या लेखी ती त्यांची कामगार नाही, घरमालकाच्या लेखी ती ब्युरोची. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं 10 किंवा अधिक कामगार असतील तिथे. माझ्याकडे नऊ आहेत. मीही सुटले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण दहावी बाई ठेवून तो खर्च पेलायचा तर शुल्क वाढवावं लागेल, आणि निराधार ज्येष्ठांच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1,500 जमेला धरून हिशेब करणारी घरं माझ्याकडे येणार नाहीत.

मे महिन्याबद्दल एवढंच लिहिते. पारा 45 च्या वर गेला की आम्ही कूलरच्या ताट्या दिवसभर ओल्या ठेवतो, म्हाताऱ्यांना तासातासाला पाणी पाजतो. रात्रपाळी करून बाई सकाळी घरी जाते ते पत्र्याच्या खोलीत. दिवसा तिथे झोप लागत नाही. संध्याकाळी ती परत येते आणि 70 किलोच्या माणसाला उचलते.

आता मागणं. दिल्लीच्या विधेयकाची वाट पाहू नका. याच कायद्याखाली महाराष्ट्राचे स्वतःचे 2010 चे नियम आहेत, ते आपल्याला बदलता येतात. त्यात वृद्धसेविकेची व्याख्या घाला आणि ब्युरोंची नोंदणी सक्तीची करा. माझ्यासारख्या केंद्रांचीही करा. मला ते जड जाईल, तरी करा. आज मी ना हॉस्पिटल ना वसतिगृह. कागद घेऊन तीन कार्यालयं फिरले, तिन्हींनी दुसरीकडे बोट दाखवलं. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे, तिन्ही सरकारी हॉस्पिटलं. त्यातल्या एका वॉर्डात तीन आठवड्यांचं हाताने शिकायचं प्रशिक्षण ठेवा, आणि त्या दिवसांचा रोज बुडणार नाही असं बघा. दहावीची अट मात्र ठेवू नका. वीस वर्षं हे काम केलेल्या बाईची परीक्षा पेपरवर घेऊ नका, खाटेजवळ उभी करून घ्या. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे. माझ्याकडच्या एकीने तिथल्या अर्जात काम म्हणून 'धुणीभांडी' लिहिलं, कारण जे करते त्याला काय म्हणायचं ते तिला सुचेना. तिच्या कामाला नाव असावं. आणि जिल्ह्यात निदान दहा खाटा अशा असाव्यात जिथे आठवडाभर म्हाताऱ्याला ठेवता येईल. बाईलाही सुट्टी मिळेल आणि घरी एकट्याने करणाऱ्या सुनेलाही. त्या सुनेबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

अधिवेशनात आपला मुक्काम नागपुरातच असतो. केंद्रावर यायचं ठरवलंत तर वेळ सकाळी आठची ठेवा. तेव्हा पाळी बदलते, म्हणून दोन्ही पाळ्यांच्या बायका भेटतील. नंतर आलात तर अर्ध्याच भेटतील, आणि त्यांचेही हात मोकळे नसतील.

आपली,
एक वृद्धसेवा केंद्रचालक,
नागपूर