लाईफ जॅकेटला डिपॉझिट कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो, ती लुइव्हिलला असते, तिथून तासा-सव्वा तासावर इंडियाना राज्यात सांता क्लॉज नावाचं गाव आहे (हो, गावाचंच नाव आहे ते) आणि तिथल्या हॉलिडे वर्ल्ड पार्कमधे जावयांनी आम्हाला नेलं. नावात सांता पण गावात सांता नाही, पोरं येऊन हिरमुसून जायची, ते लुई कोच नावाच्या एका रिटायर उद्योजकाला बघवेना, त्यांना स्वतःलाच नऊ मुलं होती, तर त्यांनी 1946 साली तिथे सांता क्लॉज लँड काढलं. 1984 ला नाव बदललं, 1993 ला वॉटर पार्क जोडला, पण मालकी अजून कोच घराण्याकडेच, आता चौथी पिढी बघते.

लाकडी रोलर कोस्टर व्हॉयेज 6,442 फूट लांब आणि 163 फूट उंच आहे, तो मी खालूनच बघितला, तेवढं पुरे. मॅमथमधे मात्र बसलो. गोल बोटीत सहा जण, पाण्यातून भर्रकन खाली आणि पुढच्या चढावर विजेच्या मोटरी बोटीला परत वर ढकलतात, असं करत 1,763 फूट! सौ. अशी ओरडत होती की नातूच आजीला धीर देत होता.

पण हे पत्र राइडसाठी लिहीत नाहीये. तिकीट स्वस्त नाही, पण एकदा घेतलं की वॉटर पार्क त्यातच, पार्किंग फुकट, कोल्ड्रिंक दिवसभर फुकट (हे 2000 सालापासून), उन्हाचं क्रीमसुद्धा फुकट, ट्यूबला भाडं नाही. आणि लाईफ जॅकेट! लहान-मोठ्या मापाची जॅकेटं समोर टांगलेली, उचला आणि घाला, पैसे नाहीत, डिपॉझिट नाही, मागे पावती जपायची भानगड नाही. मी जावयांना दोनदा विचारलं, नक्की घेऊ ना? फुकट म्हटल्यावर आपल्याला शंकाच येते!

आता आपल्याकडे या. एका वॉटर पार्कमधे (नाव लिहीत नाही) गेटवर तिकीट, मग लॉकरचे वेगळे, ट्यूबचे वेगळे, जॅकेटला डिपॉझिट, बाहेरचं पाणी आत न्यायचं नाही आणि आत बाटली जादा भावाने. चार माणसांचं कुटुंब मग काय करणार, एक ट्यूब चौघांत फिरवणार आणि जॅकेट राहू दे म्हणणार, पोरगं तर कडेलाच खेळतंय. आणि हे बडोद्यात चालतं याचं जास्त वाईट वाटतं, कारण हरणी तलाव आपलाच आहे ना. 18 जानेवारी 2024 ला शाळेच्या सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त भरलेली आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेटच नव्हतं. तेव्हा आपण सगळे रडलो, मेणबत्त्या लावल्या.

कोणी म्हणेल अमेरिकेची गोष्ट वेगळी, त्यांना परवडतं. पण कोल्ड्रिंक कोण मागतंय हो! मी साधं पिण्याचं पाणी आणि जॅकेट म्हणतोय. शिवाय फुकट देणं आपल्याला नवीन आहे का? सयाजीराव महाराजांनी 1879 मधे कमाटीबाग केली, आजही बागेत शिरायला पैसे लागत नाहीत.

पालिकेला एकच विनंती. जिथे जिथे पोरं पाण्यात उतरतात किंवा बोटीत बसतात त्या प्रत्येक ठिकाणाच्या परवान्यात लिहा की जॅकेट तिकिटातच, सगळ्या मापाचं, आणि पिण्याचं पाणी फुकट. मे महिन्याच्या सुट्ट्या लागायच्या आत हे झालं तर बरं, नंतर गर्दीत कोण तपासतंय.

आपला,
एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदा