विकायच्या आधी एकदा सेटअप करून घे

वरूड तालुका, जि. अमरावती
तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. "माझी बोटं गिटारसाठी नाहीत, कोणी घेणारं असेल तर सांग" हे वाचून मला वाईट वाटलं. गिऱ्हाईक मी शोधणार नाही, आधीच सांगतो. तू लिहिलंस की एफ कॉर्ड (एकदम वाजवायचा सुरांचा जुडगा) धरताना पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीशी, तार दबतच नाही, बाराव्या फ्रेटशी तारा उंच दिसतात, आणि भजनात पेटीसोबत बसलं की उघडी, न दाबलेली तार जुळते पण वरच्या फ्रेटवर सूर चढतो. गड्या, हे सगळं वाद्याचं दुखणं आहे. तुझ्या बोटांचा त्यात काही दोष नाही. त्यावर इलाज सेटअप, म्हणजे कारागिराकडून मान आणि तारांची उंची जुळवून घेणं.

स्वस्त गिटारीत नट (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) आणि सॅडल (पोकळ पेटाऱ्यावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बहुतेक वेळा उंचच असतात. जास्तीचं हाड किंवा प्लास्टिक घासून कमी करता येतं, कमी झालेलं वाढवता येत नाही. ते घासायचं काम मग कोणाच्याच वाट्याला येत नाही आणि नवशिक्या दोन महिन्यांत हात टेकतो. मिरजेचा तंबोरा जवारी काढल्याशिवाय कोणी गवयाच्या हातात देत नाही. घोडीवर कानस फिरते तेव्हाच तो बोलायला लागतो. गिटारलाही तसाच हात लागतो, पण आपल्याकडे ती खोक्यातून निघते तशीच वाजवायला घेतात.

घरच्या घरी दोन गोष्टी बघ. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लाव आणि त्याच्या पुढे कॉर्ड धर. एकदम सोपं वाटलं तर नटच्या खाचा उथळ आहेत, म्हणजे तारा तिथे उंच बसल्यात. तुझ्या एफचा सगळा त्रास मला तिथेच दिसतो. मग जाडी तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे मान पेटाऱ्याला मिळते तिथे, अशी दोन्हीकडे दाबून धर. सातव्या फ्रेटशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढीच फट हवी, पाव मिलिमीटरच्या आसपास. फट फार मोठी असेल तर मान पुढे वाकली आहे. साध्या १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) सहा तारा मिळून मानेला ७० किलोच्या वर ओढतात, त्यामुळे ती वाकली तर नवल नाही. मानेच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, ती या ओढीला तोलून धरते.

त्या सळईला तू मात्र पाना लावू नको. नागपूरला मी ज्या कारागिराकडे जातो, तो म्हणतो, "आधी मान पाहा लागते, मंग सॅडल." क्रम तोच बरोबर. तो पाव-पाव फेरा फिरवून थांबतो, तार पुन्हा सुरात लावतो, फट मोजतो. मान जागेवर आली की नटच्या खाचा तारेच्या जाडीच्या कानशीने खोल करतो. सॅडल वरून घासत नाही, काढून खालून घासतो. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर उतरवायचं तर सॅडल २ मिलिमीटर कमी करावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. शेवटी बाराव्या फ्रेटशी जाडी तार अडीच मिलिमीटर आणि बारीक तार दोनच्या थोडी खाली राहिली तर भजनाला आणि कॉर्डला दोन्हीला छान.

सूर चढतो त्याचंही उत्तर यातच आहे. तार उंच असली की दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर वर जातो. पेटीच्या पट्ट्यांचा सूर पक्का, ती तुझ्यासाठी हलणार नाही, म्हणून फरक लगेच कानात येतो. बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर मोबाइलच्या ट्यूनरवर ताडून बघ. दोन्ही सारखे यायला हवेत.

आता आपल्या हवामानाचं. मला यात सगळ्यात जास्त जीव आहे, कारण गिटारीवरचं बहुतेक लिखाण आपल्या उन्हाळ्याचा विचारच करत नाही. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठाक, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाजूने हाताला लागतात. त्यात दिवसभर खोलीत कूलर ओली हवा सोडतो आणि लाइन गेली की दोन तासांत सगळं पुन्हा कोरडं. असा रोजचा झटका लाकडाला सोसत नाही. आता श्रावण-भादव्यात तेच लाकूड फुगतं, वरची फळी ब्रिजजवळ (सॅडल जिच्यात बसतं ती लाकडी पट्टी) उचलते आणि तारा वर येतात. तुझ्या तारा एवढ्या उंच दिसतात त्यात थोडा वाटा या पावसाचाही आहे.

म्हणून आत्ता घाई करू नको. दसरा होऊन हवा कोरडी पडू लागली की जाऊ. तोवर गिटार केसमध्ये ठेव, कूलरसमोर आणि टिनाच्या खोलीत नको, तापलेल्या टिनाखाली ब्रिजचा डिंकसुद्धा सुटतो. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवून ती केसमध्ये टाकायची, एवढं पुरतं.

तारा नव्या घेऊन ठेवू नको. कारागिराला सांग, ११ गेजच्या लाव, ओढ कमी होते आणि बोटांना आराम मिळतो. त्याच तारांवर तो माप घेईल. पैसे आणि वेळ फोनवर आधीच विचारून घेऊ. एसटीत गिटार टपावर किंवा डिक्कीत टाकू नको, मांडीवर घेऊन ये. मी वरूडला चढतो, नागपूरला सोबतच जाऊ.

दिवाळीत भजनाला तू पेटीशेजारी बस, मला एफ ऐकायचा आहे. काकांना आणि वहिनींना नमस्कार सांग. शनिवारी फोन कर, तारीख ठरवू.

तुझाच